घरपोच सत्कार, सेकंड टॉवेल आणि गळालेला काना

परवा कॉलेजकडून मेसेज आला. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार आहे, माजी विद्यार्थ्यांनी अभिप्रायाचा फॉर्म भरावा, ‘फक्त दोन मिनिटं लागतील’. सातवा प्रश्न असा होता : ‘कोविड काळात महाविद्यालयाने राबवलेल्या पदवीधर गौरव उपक्रमाबाबत आपण किती समाधानी आहात?’ खाली पाच गोल, ‘अतिशय समाधानी’पासून ‘अतिशय असमाधानी’पर्यंत. त्याखाली तीनशे अक्षरांची चौकट.

आमचे सीपीसीचे, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचे, सर सांगायचे, लेखी कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं उत्तर) अर्धवट देऊ नये, जे नाकारायचं राहतं ते कबूल धरलं जातं. म्हणून फॉर्म बाजूला ठेवून कैफियत इथे पूर्ण लिहिते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. सोलापुरात ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील.

मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या २०२० च्या तुकडीतली. सकाळी कॉलेज, अकरापासून संध्याकाळपर्यंत एका सुताच्या पेढीवर हिशेब लिहायची. घर कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत. अम्मा विड्या वळते. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते. घरात वकील सोडा, कोर्टाची पायरी चढलेलंही कुणी नव्हतं. आमचे वडील त्याचीसुद्धा फुशारकी मारायचे.

शेवटच्या सत्राची परीक्षा तोंडावर होती आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. १२ एप्रिलला पाच्छा पेठेत शहरातला पहिला रुग्ण सापडला, आणि मग पूर्व भागात रस्ते अडवायला बांबूच बांबू. परीक्षा होणार की नाही यावर आमचा ग्रुप सहा महिने पेटलेला होता. राज्य सरकार म्हणालं परीक्षा नको, युजीसीने ६ जुलैला सांगितलं की घ्यावीच लागेल, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात. कायद्याच्या पोरांना यापेक्षा चांगला अभ्यासक्रम कुठला? २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वर्गात कुणी उघडून पाहिला नव्हता, तो आता सगळ्यांना कलमांसकट पाठ. २८ ऑगस्टला निकाल आला : आपत्तीच्या नावाखाली राज्य परीक्षा पुढे ढकलू शकतं, पण परीक्षा न घेता पदवी देऊन टाकता येणार नाही. मग ऑक्टोबरमध्ये आम्ही मोबाइलवर गोल टिचकत वकील झालो. मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून. त्या ॲपबद्दल मी काही बोलणार नाही, बोलायला बसले तर वेगळी कैफियत होईल.

गौरव समारंभ ठरला रविवारी, १७ जानेवारी २०२१ ला, सकाळी अकरा वाजता, गूगल मीटवर. त्या वर्षी गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला नव्हता. संक्रांत झाली तरी पाळणे नाहीत, भाग्यश्री बटाटेवडा नाही, होम मैदान नुसतं मोकळं. अशा जानेवारीत कुणी तुमच्यासाठी काही करतंय म्हटल्यावर माणूस आधीच विरघळलेला असतो. त्यामुळे गुण देताना मी हात थोडा आखडता घेणार आहे.

आदल्या दिवशी घरी एक खोका आला. कसा आला ते नंतर सांगते, आधी त्यातला माल.

सगळ्यात वर शेंगा चटणी, पाव किलो, उखळात कुटलेली, पुडीच्या कागदाला तेल सुटलेलं. पेढे टाकले असते तर एकसष्ट घरी पोचेपर्यंत निम्म्यांना वास लागला असता. हा निर्णय ज्याने घेतला त्याला मानलं. कडक भाकरीबरोबर तीन दिवसांत फडशा. पाचपैकी पाच.

श्रीफळ : हलवलं तर आत पाणी वाजेना. अम्माने फोडलं, खोबरं खवट. शून्य.

टॉवेल. सोलापुरात सत्काराला शाल कमी आणि चादर-टॉवेल जास्त, हे बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. आमच्याकडे तो पोटाचा विषय आहे. पांढरा टर्किश टॉवेल, किनारीला निळी पट्टी, कोपऱ्यात कॉलेजचं बोधचिन्ह भरलेलं. मी म्हटलं, छान आहे. वडिलांनी तो माझ्या हातातून घेतला आणि दारातल्या उजेडात नेला. अंगठा आणि तर्जनीत चिमूट धरून चोळला, मग उलटा करून पाठ बघितली. मग किनारीपासून चार बोटं आत एका जागी नख टेकवून थांबले. “हितं बघ.” मला काही दिसेना. त्यांनी कापड ताणून धरलं तेव्हा दिसलं. एका आडव्या रेघेत लूपच उठलेले नव्हते, जेमतेम सुतळीएवढा टक्कल पडलेला पट्टा, या काठापासून त्या काठापर्यंत.

“सेकंड हाय,” ते म्हणाले. मागावर तार तुटली, कुणाच्या लक्षात यायच्या आत माग पुढे गेला, असा माल सेकंडमध्ये निघतो आणि कमी भावात जातो.

मला राग आला. आयुष्यात एकदा सत्कार, तोही सेकंड मालाने. वडिलांना मात्र राग आला नव्हता. ते टॉवेल घडी घालत म्हणाले, चार महिने माग बंद होते, गोदामात जे पडून होतं तेच कुणीतरी विकलं असणार, आणि कॉलेजने घेतलं म्हणून निदान ते तरी उठलं. मग थोड्या वेळाने, जरा हसून : “आमच्या पाळीचा नसंल म्हणा.” त्यांचा माग त्या वेळी सुरू झालेला होता, पण आठवड्यातून चारच दिवस. या टॉवेलला मी अडीच देणार होते. वडिलांनी साडेतीन सांगितले. साडेतीन.

आता बँड, वकील गळ्यात लावतात तो. इथे मला कॉलेजचं आधी कौतुक करायचंय आणि मग भांडायचंय. कौतुक असं की गाऊनऐवजी बँड द्यायचं ज्याला सुचलं त्याने घटना-घडामोडी वाचलेल्या होत्या. १३ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक काढून सांगितलं होतं की व्हिडिओवरच्या सुनावणीत वकिलांनी पांढरा शर्ट, पांढरी सलवार-कमीज किंवा पांढरी साडी आणि त्यावर पांढरा नेकबँड घातला तरी चालेल, कोट आणि गाऊनची गरज नाही. म्हणजे त्या वर्षी वकील म्हणून ओळखू यायला तेवढ्या दोन पांढऱ्या पट्ट्याच उरल्या होत्या. मुंबईच्या आयआयटीने २०२० च्या ऑगस्टमध्ये पदवीदानाला पोरांचे संगणकी बाहुले उभे केले होते, त्यांच्या हातात पदवी दिली. आमच्या कॉलेजने हात लावता येईल अशी वस्तू दिली. मला हे जास्त पटलं.

भांडण असं की सगळे एकसष्ट बँड पुरुषांचे. शर्टाच्या कॉलरखाली इलास्टिक जातं तो प्रकार. आम्ही सव्वीस मुली होतो. बायकांच्या बँडला स्वतःची कॉलर असते, कारण पंजाबी ड्रेसला कॉलर नसते. हे कोर्टाबाहेरच्या कुठल्याही कोट-बँडवाल्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. मी घालून बघितला तर गळ्यात लंगोट अडकवल्यासारखा. अम्माने रात्री जुन्या पेटीकोटाच्या पांढऱ्या कापडाची कॉलर बेतली, आत खळ दिलेलं अस्तर घातलं, मागे टिचबटण लावलं. कॉलेजच्या बँडला दोन. अम्माच्या कॉलरला मी गुण देत नाही, ती अजून वापरात आहे.

शेवटी गौरवपत्र. जाड कागद, सोनेरी काठ, प्राचार्यांची खरी सही, छापलेली नाही. आणि त्यात माझं आडनाव चुकलेलं.

आमचं आडनाव तेलुगू आहे. त्यात चुका करायला भरपूर वाव आहे हे मला मान्य. रेशनकार्डावर एक, बारावीच्या मार्कशीटवर दुसरं, गॅसच्या पुस्तकावर तिसरं. पण या कॉलेजात मी तीन वर्षं फी भरली, प्रत्येक पावतीवर नाव बरोबर होतं, आणि गौरवाच्या कागदावर नेमका एक काना गळाला. काना गळाला की आमच्या आडनावाचा तेलुगूत जो अर्थ होतो तो इथे लिहिण्यासारखा नाही. अम्माला मराठी वाचता येत नाही हे त्या दिवशी बरं झालं.

आता समारंभ. अकराला होता, सुरू झाला पावणेबाराला. प्राचार्यांनी सुरुवातच छान केली. म्हणाले, पदवीधरहो, हा सत्कार तीन महिने उशिरा होतोय, तरी आमचा विलंब माफीचा अर्ज मंजूर करावा. सर्वोच्च न्यायालयाने दावे दाखल करायच्या १५ मार्च २०२० पासूनच्या मुदती वाढवून दिल्यात, त्याचा फायदा आम्हालाही द्या, तुमचा सत्कार मुदतबाह्य धरू नका. एकसष्ट चौकटींत एकसष्ट माणसं हसली आणि आवाज कुणाचाच आला नाही, कारण सगळे म्यूट. त्या हसण्यासाठी एक अख्खा तारा.

पाहुणे निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या पडद्यावर कपाळ आणि पंखा. माझ्या शेजारी अम्मा जरीची साडी नेसून, केसात गजरा माळून बसलेली. पण कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसतं हे तिच्या लक्षात आल्यावर तिने हळूच मांडीवर सूप ओढलं. वर सत्कार, खाली विड्या. पान कात्रीत, चिमूटभर तंबाखू, वळणं, दोरा, डोकं दुमडणं, नजर मात्र पाहुण्यांवर. त्यामुळे आमच्या घरात त्या दिवसाचा हिशेब मिनिटांत नाही, विड्यांत आहे : पंचवीस विड्यांचा एक कट्टा. स्वागत आणि प्रास्ताविक, एक कट्टा. पाहुण्यांचं भाषण, तीन कट्टे आणि वर सात विड्या. अम्माची नेहमीपेक्षा छाट (नापास विड्या) जास्त निघाली म्हणून तिने दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना नावं ठेवली.

खरं तर त्या तीन कट्ट्यांतला अर्धा फार चांगला होता. ते चार हुतात्म्यांवर बोलले. १२ जानेवारी नुकतीच होऊन गेली होती. १९३० मध्ये या गावात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना पुढच्या १२ जानेवारीला येरवड्यात फाशी झाली. पाहुणे म्हणाले, तुम्ही रोज त्यांच्या पुतळ्यांवरून जाता. कधी असा विचार केलाय का, की त्यांचा वकील कोण असेल, आणि लष्करी अंमलात त्याला काय बोलता आलं असेल? आमचा माइक बंद होता, तरी खोलीत कुणी हललं नाही. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. नंतर पाहुणे स्वतःच्या नोकरीतल्या बदल्यांकडे वळले आणि कप पुन्हा उचलला गेला.

मग सरांचा विषय. सीपीसीचे सर सप्टेंबरमध्ये गेले, कोविडनेच. वर्गात ते ऑर्डर नऊ, म्हणजे हजेरी-गैरहजेरीचे नियम, शिकवताना टेबलावर डस्टर आपटून आम्हालाच पुकारायचे, आणि उशिरा येणाऱ्याला म्हणायचे, ‘तुझा दावा गैरहजेरीत निकाली काढलाय, अर्ज दे.’ समारंभात त्यांचा फोटो एका स्लाइडवर आला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि मागे तीच सनई चालू, जी आमच्या नावांच्या स्लाइडना लावली होती. दहा सेकंद, आणि पुढची स्लाइड प्रायोजकाची. मी नंतर ग्रुपवर विचारलं तर कळलं, स्लाइड आपोआप पुढे सरकायला लावल्या होत्या, थांबवायचं कुणाला सुचलं नाही. चुकून झालं हे मला पटतं. पण शून्य. यात वडिलांचंही ऐकणार नाही.

नावं वाचली ती प्रत्येकी पाच सेकंदांत. माझा फोटो प्रवेश अर्जातला, वेण्या घातलेला. नाव वाचलं ते गौरवपत्रावरून, म्हणजे काना नसलेलं. अम्माने ऐकलं, तिला अर्थ लागला, आणि हातातली विडी थांबली. ती माझ्याकडे बघून तेलुगूत जे म्हणाली ते मी कार्यालयाला तोंडी सांगायला तयार आहे.

एवढ्यावर थांबले असते तर पाचपैकी दोन देऊन फॉर्म भरून टाकला असता. राहिला तो खोका घरी कसा आला त्याचा मामला.

शनिवारी, देशात लसीकरण सुरू झालं त्याच दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला बाहेर हॉर्न वाजला. कॉलेजचे शिपाईमामा, जुनी स्कूटर, पुढे पायाशी चार खोके आणि मागे दोरीने बांधलेले सात. तोंडाला मास्क, वर उपरणं गुंडाळलेलं. विडी घरकुल ज्याने पाहिलंय त्याला कळेल : दहा हजार घरं, सगळी एकसारखी, आणि नंबर विचारला तर प्रत्येक जण वेगळ्या बाजूला बोट दाखवतो. मामा पाऊण तास फिरत होते.

“आत या की मामा, चहा घ्या.”

“नको ओ, गावभर फिरायलालोय, तुमच्या घरात कशाला आणू. तू बाहेर ये. आईवडिलांना पण बोलीव.”

त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, आवक-जावकचं रजिस्टर काढलं, सीटवर ठेवलं, मास्क हनुवटीवर ओढला आणि चार पावलं मागे गेले. मला वाटलं सही घेणार. मामा कॉलेजात लागण्याआधी काही वर्षं कोर्टात रोजंदारीवर होते, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी छाती भरून घेतली आणि पुकारा दिला. कोर्टाच्या व्हरांड्यात असतो तसा, पहिला शब्द लांबवत :

“वकीलबाई...” आणि पुढे माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. “...हाजिर हो!”

तीन वेळा. आडनावातला काना जागच्या जागी, आणि त्यावर तेलुगूत जसा जोर देतात तसाच जोर. दुसऱ्या पुकाऱ्यापर्यंत समोरच्या ओळीतल्या दोन दारांत बायका सुपं घेऊन उभ्या राहिल्या, तिसऱ्याला पोरं पळत आली. पलीकडच्या आजीने विचारलं, कुणाला पोलीस आलेत काय. मी खोका घ्यायचा की नमस्कार करायचा ते न कळून नुसती उभी. मामा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “हजर हाय म्हण की.”

“हजर.”

“हां. कर सही.”

सही करताना मी विचारलं, मामा, माझं आडनाव कसं काय बरोबर म्हणता? ते म्हणाले, तीन वर्षं तुझी फीची पावती मीच आणून द्यायलालतो, आणि माझी बायको तुमच्यातलीच हाय. वकिलीची सनद अजून मिळायची होती, ‘वकीलबाई’ म्हणणं कायद्याने चूकच. मी हरकत घेतली नाही.

वडील मध्येच म्हणाले, पेट्रोलचं कसं? पेट्रोल तेव्हा नव्वदीच्या वर गेलेलं. मामा म्हणाले, स्कूटर आपली, पेट्रोल आपलं, बिल लावा म्हणलेत. वडिलांनी शंभराची नोट पुढे केली. मामांनी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतली, आणि अजून दहा खोक्यांसाठी पुढच्या गल्लीकडे वळले. थोड्या वेळाने लांबून पुन्हा पुकारा ऐकू आला. आमच्याच वर्गातला मुलगा, बारा ओळी पलीकडचा.

पुढचं थोडक्यात. गौरवपत्रातलं नाव दुरुस्त करायला मी मार्चमध्ये कार्यालयात गेले. तिथे सांगितलं, नावात बदल असेल तर गॅझेट करून आणा. बदल माझ्या नावात नाही, तुमच्या टायपिंगमध्ये आहे, हे तोंडी सांगून भागेना म्हणून दोन पानी अर्ज लिहिला, सोबत त्यांच्याच सहा पावत्यांच्या प्रती जोडल्या, परिशिष्ट अ ते फ. वकील म्हणून मी केलेला तो पहिला मसुदा. चार महिन्यांनी दुरुस्त प्रत मिळाली. त्याच खेपेत मी मामांच्या पेट्रोलच्या बिलाचं विचारलं. कारकून म्हणाले, बिल आहे, पण खर्चाच्या कुठल्या हेडखाली टाकायचं ते ठरत नाही. त्यानंतर दर खेपेला विचारते. हेड अजून ठरलेलं नाही. मामा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

तर कॉलेजला माझा अभिप्राय : चटणी तीच ठेवा. बँड मुलींचे वेगळे घ्या. सरांसाठी एकदा नीट कार्यक्रम घ्या, सनईशिवाय. एकसष्ट घरं शहरभर विखुरलेली होती, त्या पेट्रोलचे पैसे मामांच्या घरी पोचवा, आणि हेड सापडत नसेल तर ‘गौरव’ नावाचं एक उघडा. पाचपैकी किती ते त्यानंतर सांगते.

एवढं लिहून झाल्यावर फॉर्मकडे परत गेले. सातव्या प्रश्नाला ‘समाधानी’च्या गोलावर बोट नेलं, मागे घेतलं, तो तसाच सोडला. चौकटीत लिहिलं, ‘सविस्तर स्वतंत्रपणे दिले आहे’. पाठवण्याआधी वरचा रकाना तपासला. नाव कॉलेजच्या नोंदीतून आपोआप भरून आलेलं होतं, बदलायची सोय नव्हती. काना नव्हता.